निरवानिरव

मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. निघण्याच्या क्षणीच परत येण्याचे वचन देण्याची ही रीत आपण लहानपणी आईच्या धाकाने शिकतो आणि तिचा अर्थ मात्र प्रांताबाहेर बदली झाल्यावर उमगतो. निघणे ही केवळ उंबरठा ओलांडण्याची क्रिया नव्हे. हाती घेतलेले काम मिटवणे, किल्ल्या सोपवणे, दूधवाल्याचा हिशेब चुकवणे, शेजारच्या काकूंना सांगून येणे, असे सारे त्यात येते. या सगळ्याला आपल्या भाषेत एक नेटका शब्द आहे: निरवानिरव. हा शब्द मला एका यंत्राने पुन्हा शिकवला, आणि तोही माझी चांगली फजिती करून. ती हकिगत येथे सांगावयाची आहे.

मी भिलाईत केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. गाव अमरावती जिल्ह्यातले. विज्ञान शाखेची पदवी आणि संगणकाचा वर्षभराचा एक अभ्यासक्रम एवढी माझी पुंजी. परंतु कचेरीत ज्याला थोडे येते त्याला सारे येते असे धरण्याची पद्धत असल्यामुळे, आमचा लिनक्सवर चालणारा सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. फायली होत्या तेवढ्याच राहिल्या. वर हा एक पाहुणा आला. लिनक्स हे नाव ज्यांना अपरिचित असेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा गाभा लिहून जगाला खुला केला, ती ही संगणक चालविणारी प्रणाली. आज जगातील असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. आमचाही त्यांतलाच एक. आवक-जावक, रजेचे हिशेब आणि निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांची नोंद त्याच्या पोटात असते.

महिन्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी त्याच्यावर सुरक्षिततेच्या सुधारणा चढवून त्याला बंद करून पुन्हा सुरू करावयाचे, हा माझा नेम. या विधीला पाच-सात मिनिटे पुरावीत. आमच्याकडे पाऊण तास गेलेला मी पाहिला आहे. बंद होण्याची आज्ञा दिली, की पडद्यावर तांबड्या फुल्या डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फेऱ्या घालू लागत आणि बाजूला ओळ उमटे, की अमुक सेवेचे थांबण्याचे काम चालू आहे, इतकी सेकंदे झाली, दीड मिनिटाची मर्यादा. ते दीड मिनिट संपावे, तो दुसऱ्या सेवेचे सुरू व्हावे. असे करता करता आठ मिनिटे जात. पुढे उठतानाही तीच रड. मला ही शुद्ध टंगळमंगळ वाटे. साडेपाचाला पिशवी भरून घड्याळाकडे पाहत बसलेल्या कारकुनाची जात मला ठाऊक होती. हे यंत्रही त्याच जातीचे, अशी माझी खात्री झाली होती.

अशाच एका शुक्रवारी मला रात्रीच्या गाडीने निघावयाचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीला बाबांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. दुर्ग स्थानक गाठण्यास वेळ थोडा, आणि पडद्यावर फुल्यांच्या येरझाऱ्या. मी अर्धे मिनिट थांबलो. मग सर्व्हरची कळ दाबली आणि तो मुका होईपर्यंत दाबून धरली. दिवा विझला. मी धावत सुटलो. पहाटे बडनेऱ्याला उतरून घरी पोचलो, तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारले, "सारं आटोपून आलास ना?" मी म्हणालो, "हो."

बाबा पोस्टात होते. सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या बदलीचे दिवस मला आठवतात. सामान बांधून गाडीत चढलेले असे, आई उन्हात उभी असे, आणि बाबा आत नव्या मास्तरांसमोर तिकिटे मोजीत असत. रोकड, मुद्रांक, मनिऑर्डरीचे फॉर्म, तारखेचे शिक्के, कुलपाच्या किल्ल्या, सारे मोजून, लिहून, सही घेऊन मगच ते उठत. आई चिडे. ते म्हणत, "निरवानिरव केल्याशिवाय निघालो, तर मी मागे इथेच राहीन." मुलाला तेव्हा त्यात नुसता उशीर दिसला होता.

सोमवारी कचेरीत आलो, सर्व्हर चालू केला, तो कुरकुर न करता उठला. मी निर्धास्त झालो. पुढच्या आठवड्यात दल्ली-राजहऱ्याकडून एक वृद्ध बाई आली. पती वारल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी तिने त्या शुक्रवारी दुपारी अर्ज दिला होता. तिच्या हातात आवक क्रमांकाची पावती होती. तो क्रमांक मी यंत्रात पाहिला, तर त्याखाली कुणा दुसऱ्याच गृहस्थाचा प्रवासभत्त्याचा कागद निघाला. शुक्रवारच्या दुपारच्या साऱ्या नोंदी नाहीशा झाल्या होत्या आणि सोमवारी यंत्राने तेच क्रमांक नव्या कागदांना देऊन टाकले होते. बाई काही बोलली नाही. पावती पदराच्या गाठीत बांधून तिने विचारले, "तो फेर आना पड़ही का, बाबू?" छत्तीसगढीतला तो साधा प्रश्न मला आजही ऐकू येतो. तिचा अर्ज गठ्ठ्यात सापडला, टिप्पणी लिहून क्रमांक दुरुस्त झाला, प्रकरण पुढे गेले. पण एक फेरी तिला माझ्यामुळे अधिक पडली.

गंमत अशी, की हे माझ्यामुळे झाले याचा पुरावा कोठेही नव्हता. लिनक्स आपल्या प्रत्येक हालचालीची रोजनिशी ठेवतो. परंतु आमच्या यंत्रावर ती रोजनिशी तात्पुरत्या स्मृतीत ठेवली जाई आणि यंत्र बंद होताच पुसली जाई. बडे बाबूंनी विचारले, "मशीन खराब है क्या?" हो म्हणणे फार सोपे होते. यंत्र परत उत्तर देत नाही. त्या दिवशी मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या टेबलापाशी जाऊन, कळ मी दाबली होती, हे सांगितले. ते बराच वेळ चष्मा पुशीत राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "लिखकर दे दीजिए, और पता कीजिए कि देर क्यों होती है।" माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत इतका शहाणा शेरा मी दुसरा वाचलेला नाही.

मग मी अभ्यासास बसलो. पहिली गोष्ट ही कळली, की लिनक्समध्ये बंद होण्याची आज्ञा म्हणजे कत्तलीचा हुकूम नव्हे. हल्लीच्या बहुतेक लिनक्स-प्रणालींत हा कारभार २०१० साली जन्मलेल्या 'सिस्टिम-डी' या व्यवस्थापकाकडे असतो. तो चालू असलेल्या प्रत्येक सेवेला आधी पंधरा क्रमांकाचा संदेश धाडतो. त्याचा आशय असा, की आवरते घ्या. तो मिळाला, की सेवेने हातातले लिहून संपवावे, उघडी वही मिटावी आणि शांतपणे उठावे. त्यासाठी नेहमीची मुदत नव्वद सेकंदांची. मुदत संपूनही जी सेवा उठत नाही तिला नऊ क्रमांकाचा संदेश जातो. तो ऐकून घेण्याची किंवा त्यावर काही म्हणण्याची मुभा कुणालाच नसते. आपणां बदलीच्या लोकांना हे समजणे कठीण नाही. १९७९ च्या नियमांप्रमाणे हजार किलोमीटरांच्या आतल्या बदलीला आपल्याला कार्यग्रहणासाठी दहा दिवस मिळतात. ते दहा दिवस कुणी आळसासाठी दिलेले नाहीत; आणि ते मिळतात म्हणून दहाही दिवस घालवलेच पाहिजेत असेही नाही.

दुसरी गोष्ट एका मित्राने सांगितली. तो रायपुरास अशाच कामावर आहे. तो म्हणाला, "अरे, ती नव्वद सेकंदांची मुदत दहावर आण. एक ओळ बदलायची. मशीन झटक्यात बंद होईल." उपाय मोहक होता आणि खोटाही नव्हता, यंत्र खरोखरच झटक्यात बंद झाले असते. परंतु हात आवरला, याचे श्रेय आमच्या शेजाऱ्यांना आहे.

आमचे शेजारी येथील पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या भट्ट्यांवर आयुष्य घालवलेल्या माणसाजवळ मी माझ्या यंत्राची तक्रार केली, तेव्हा ते हसले. म्हणाले, भट्टीला कळ नसते. ती थोडे दिवस थांबवावयाची तरी आधी तिच्यात जास्तीचा कोक भरावा लागतो, आतले लोखंड आणि मळी काढून घ्यावी लागते, मग वाऱ्याचा झोत उतरवीत न्यावा लागतो आणि शेवटी वाऱ्याची तोंडे मातीने लिंपून हवा आत जाणार नाही असे करावे लागते. नाहीतर आतला रस आतच गोठतो. आणि गोठलेली भट्टी पुन्हा पेटवण्यापेक्षा नवी बांधणे बरे असे वाटू लागते. कोकच्या भट्ट्यांचे तर याहून अवघड. त्यांच्या सिलिकाच्या विटा निवताना तडकतात, म्हणून त्या एकदा तापल्या, की वर्षानुवर्षे निवू देत नाहीत. "घाई कुणाला नसते?" ते म्हणाले, "पण भट्टीला उशीर का होतो ते आधी विचारावं. काही उशीर कामाचा असतो, काही नुसता."

हा 'नुसता' शब्द घेऊन मी कचेरीत गेलो. प्रथम रोजनिशी कायमची केली. त्यासाठी तबकडीवर ठराविक जागी एक कप्पा उघडून द्यावा लागतो. मग यंत्र बंद होऊन उठले, तरी मागच्या खेपेची शेवटची पाने वाचता येतात. एवढे करताना मनात एक विचार येऊन गेलाच: आता यापुढे कुणी अशी कळ दाबली, तर शेवटचे पान अर्धवट राहील आणि ते वाचणाऱ्याला सारे समजेल. ज्याने प्रथम चोरी केली त्यानेच दाराला कडी लावावी, तसे ते झाले.

पुढच्या शुक्रवारी गाडी नव्हती. फुल्या हव्या तितक्या फिरू दिल्या आणि यंत्र उठल्यावर मागची पाने उघडली. त्या आठ मिनिटांचा हिशेब सेकंदागणिक तेथे लिहिलेला होता. आवक-जावकाची आमची आज्ञावली जुन्या वळणाची. ती नव्या नोंदी काही काळ स्मृतीत जमवते आणि मग एकदम तबकडीवर उतरवते. बंद होताना उरलेले सारे लिहून मगच उठते. या लिहिण्यास तिला चाळीस सेकंदे लागली होती. आठ मिनिटांतील पहिली चाळीस सेकंदे तेवढी कामाची. पुढची सारी नुसती. आणि त्या शुक्रवारी मी अर्ध्या मिनिटाने कळ दाबली होती! म्हणजे आळसाचा वेळ वाचवण्याच्या भरात मी नेमका कामाचाच वेळ कापला होता. मित्राच्या सल्ल्याने मुदत दहा सेकंदांवर आणली असती, तर माझ्या हातून एकदा झालेली चूक यंत्राने दर महिन्याला, नियमाने आणि बिनबोभाट केली असती.

मग उरलेला वेळ कुणाची वाट पाहण्यात जात होता? रोजनिशीत तेही होते. शेजारच्या खोलीत नोंदींच्या प्रती ठेवण्याचे एक बॅकअपचे यंत्र आहे. त्यातले कपाट आमच्या सर्व्हरला तारेवरून जोडलेले असते. बंद होताना सर्व्हर त्या कपाटात शेवटची प्रत ठेवू पाही आणि मग ते कपाट मिटू पाही. पण पलीकडून उत्तर येत नसे. अशा जोडणीचा स्वभावच असा असतो, की उत्तर येईपर्यंत पुनः पुन्हा हाक मारीत राहावयाचे. माहिती गमावण्यापेक्षा वाट पाहणे बरे, या विचाराने तो तसा ठेवलेला आहे. पण उत्तर येणार कोठून? रोज साडेपाचाला आमचा शिपाई पंख्या-दिव्यांबरोबर ते यंत्रही बंद करून जाई. जो आधीच घरी निघून गेला त्याच्या होकाराची आमचा सर्व्हर अंधारात वाट पाहत बसे.

मी शिपायाला बोलावले. तो म्हणाला, "बाबूजी, काग़ज़ तो आप ही ने चिपकाया था।" खरेच होते. विजेच्या काटकसरीची सूचना मीच टंकून त्या खोलीच्या दारावर डकवली होती: साडेपाचनंतर या खोलीतील सर्व उपकरणे बंद करावीत. त्याने ती इमानाने पाळली.

उपाय त्यानंतर किरकोळ होते. सिस्टिम-डीचा एक सुंदर नियम आहे: उठताना जो आधी उठतो तो निजताना शेवटी निजतो. अमुक सेवा तमुकानंतर सुरू व्हावी, एवढे लिहून दिले, की बंद होताना तो क्रम आपोआप उलटतो. आपल्या घरांत आई सर्वांच्या आधी उठे आणि सर्वांच्या मागून निजे. तिला ही ओळ कुणी लिहून दिली नव्हती. मी ती लिहून दिली. प्रत ठेवणारी सेवा कपाटानंतर सुरू व्हावी, कपाट तारेच्या जोडणीनंतर. आवक-जावकाच्या आज्ञावलीची मुदत तर मी वाढवली. नव्वद सेकंदांची तीन मिनिटे केली, म्हणजे गर्दीच्या दिवशी नोंदी अधिक असल्या, तरी तिच्यावर नऊ क्रमांकाचा प्रसंग येऊ नये. आणि दारावरचा कागद काढून दुसरा लावला: बॅकअपचे यंत्र सर्वांत शेवटी.

उठण्यातल्या उशिराचा शोध अशाच रीतीने लागला. उठताना कुणी किती वेळ घेतला याची यादी देणारी एक आज्ञा आहे. तिच्या नावाचा अर्थच मुळी 'दोष' असा होतो. नाव वाचून कचेरीतला जीव प्रसन्न झाला. पण तिच्या माहितीपत्रकातच इशारा आहे, की यादीत जो वर दिसतो तोच सुस्त असे समजू नये. तो कदाचित दुसऱ्यासाठी थांबला असेल. म्हणून तिच्या जोडीला दुसरी आज्ञा आहे, ती दोष न सांगता साखळी दाखवते: हा त्याच्यासाठी थांबला, तो त्या तिसऱ्यासाठी. साखळीच्या टोकाशी आमच्या सर्व्हरचे तारेचे दुसरे छिद्र निघाले. त्यात तार कधी घातलीच नव्हती. तरी जोडणी पुरी होण्याची वाट पाहणारी सेवा त्या रिकाम्या छिद्रासाठी पुरी दोन मिनिटे थांबे. या छिद्रासाठी थांबू नये, असे एका ओळीत लिहून दिले. उरली ती यंत्राची स्वतःची स्मृतितपासणी. लिनक्स जागा होण्यापूर्वीच ती चालते आणि मोठ्या यंत्रांत तिला काही मिनिटे लागतात. तिला मी हात लावला नाही. सकाळी उठल्याबरोबर आपले हातपाय जागेवर आहेत ना हे पाहणाऱ्याला टोकू नये.

आता आमचा सर्व्हर मिनिटभरात बंद होतो आणि चार मिनिटांत उठतो. जुन्या काळी युनिक्सवर काम करणारे लोक यंत्र थांबवण्यापूर्वी सारे लिहून घेण्याची आज्ञा तीनदा टंकीत, असे वाचले. तीनदाच का, याची निरनिराळी कारणे सांगतात. मला संध्येतले आचमन आठवले. आज त्याची जरुरी उरलेली नाही. तरी मी एकदा टंकतो.

त्या बाईचे वेतन सुरू झाले. ती पुन्हा आली नाही. येण्याचे कारण उरले नाही, यातच सारे आले. बाबांचा डोळा बरा आहे. मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा ओसरीवर बसून मी त्यांना ही सारी हकिगत सांगितली, त्या रात्रीच्या 'हो'सकट. त्यांनी ऐकून घेतले. रागावतील असे वाटले होते; पण त्यांनी विचारले ते भलतेच. "त्या शिपायाला तू काही बोलला नाहीस ना?" मी म्हणालो, "नाही." तेव्हा ते म्हणाले, "मग झाली निरवानिरव."

परतीच्या दिवशी दारात वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "येतो." पिशवी हातात होती, गाडीला वेळ होता. बाबा आत गेले आणि माझा विसरलेला डबा घेऊन आले. आईने तो पुन्हा उघडून पाहिला, झाकण घट्ट केले, हातात दिला. मी घड्याळ पाहिले नाही.